चौकटीबाहेरची सही

बेकरीत तिला सगळे अक्षरबाई म्हणत. खरं नाव मालकांच्या हजेरीपुस्तकात होतं आणि प्रादेशिक कार्यालयातल्या एका फाईलीत होतं. बाकी कुठे त्याची गरज पडत नसे. केकवर नावं घालायचं काम तिचं. डाव्या हाताने फिरता पाट हळू सरकवायचा, उजव्या मुठीत क्रीमची पिशवी दाबायची, श्वास रोखायचा आणि एका दमात नाव उमटवायचं. आखलेली रेघ नाही, खोडायची सोय नाही. तरी तिची ओळ कधी चढली नाही की उतरली नाही. गावातल्या आया ऑर्डर देताना बजावून जात, "नाव त्या बाईंकडूनच घाला हं."

हे अक्षर तिला वडिलांच्या पट्टीने दिलं होतं. रोज दहा ओळी, आणि वेलांटी वाकडी गेली की पट्टी बोटांवर. मोठेपणी ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली तेव्हा साऱ्या शाळेचे निकाल, दाखले, बक्षिसांची प्रमाणपत्रं तिच्याच टेबलावर येऊन पडू लागली. मुख्याध्यापकांना सह्या करायचा कंटाळा. ते म्हणत, "बाई, तुम्हीच ओढा हो माझी रेघ. कुणाला कळतंय?" ती ओढायची, आणि खरंच कुणाला कळत नसे.

मुलीचं अक्षर मात्र असं, की वहीवरून मुंग्या पळाल्यात असं वाटावं. आईने सगळे उपाय केले. शेवटी हात टेकले आणि प्रत्येक वहीचं पहिलं पान स्वतःच लिहून द्यायला लागली. मुलगी सहावीत असताना एकदा रडत घरी आली. "आई, बाईंनी विचारलं, पहिलं पान कुणी लिहिलं? सगळी हसली."

"हसू देत. पहिलं पान सुंदर दिसलं की तपासणारा खूश होतो. पुढचं कोण बघतंय?"

तिचा यावर मनापासून विश्वास होता.

मुलगी सोळाची असताना नवरा छातीत कळ येऊन गेला. पगारात दोघींचं भागत होतं, पण मुलीच्या पुढच्या आयुष्याचं काही दिसत नव्हतं. कुणीतरी एका योजनेचा कागद आणून दिला. दुसऱ्या देशातल्या ज्या आडबाजूच्या गावांत माणसं टिकत नाहीत तिथे कामाला जायचं. एकाच मालकाकडे दोन वर्षं काढली की कायम राहायच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्याच अर्जात मुलंही बसतात. मुलीला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. तिला मामा-मामींच्या घरी ठेवून ही निघाली. शाळेच्या बाई बेकरीत भांडी घासू लागल्या. सहा महिन्यांनी केकवर लिहिणारी तिथली मुलगी लग्न करून गेली, आणि मालकांना हिच्या हाताचा शोध लागला.

मालक वाईट नव्हते. वेळेवर पगार देत, आजारपणात सूप पाठवत. फक्त त्यांना ठाऊक होतं की ही बाई कुठे जाऊ शकत नाही. मालक बदलला तर दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. गाव सोडलं तरी तेच. मुलीला भेटायला महिनाभर गेली तरी तेच. त्यामुळे सणसुदीला, रविवारी, कुणी आजारी पडलं की हाक ठरलेली, "बाई आहेत ना."

दोन वर्षं भरली. मग कागद जमवण्यात चार महिने गेले. त्यातलं एक पान मुलीच्या सहीचं होतं. खाली एक आडवी चौकट आणि शेजारी बारीक अक्षरांत सूचना: सही चौकटीच्या आत असावी. मुलीने तिकडून सही करून पान कुरिअरने पाठवलं. पाकीट उघडलं आणि आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. सही चौकटीत सुरू झाली होती, पण शेवटचा फटकारा खालची रेघ ओलांडून चांगला बोटभर बाहेर लोंबत होता.

"मुलखाची धांदरट," ती स्वतःशीच म्हणाली.

परत मागवायचं म्हणजे आणखी पंधरा दिवस. इतक्या कष्टाने जमवलेली फाईल, प्रत्येक कागद इस्त्री केल्यासारखा, आणि त्यात हे पान! तपासणारा काय म्हणेल? तिने कोरं पान छापून घेतलं, टेबल पुसलं, आणि मुलीची सही मुलीपेक्षा सुबक काढून ठेवली. फटकारा बरोबर रेघेच्या वर थांबला. मुलीने पाठवलेलं पान तिने घडी घालून ट्रंकेत टाकलं.

फाईल गेली तेव्हा मुलगी वीस वर्षं चार महिन्यांची होती. नियम सोपा होता. बावीस पूर्ण झालेलं मूल आईच्या अर्जात बसत नाही. आणि वय मोजायचं ते फाईल नोंदवहीत चढेल त्या दिवशीचं. कार्यालयाच्या संकेतस्थळावर लिहिलं होतं, प्राथमिक छाननीचा सध्याचा कालावधी आठ महिने. तिने बोटांवर मोजलं. आठ महिने म्हणजे एकविसाव्या वाढदिवशी नोंद. एक वर्ष हाताशी राहतं.

एक वर्ष! पुढे त्या वर्षाची आठवण झाली की तिला स्वतःचंच हसू येई.

आठाचे तेरा झाले. तेराचे सतरा. ती रोज सकाळी एप्रन बांधण्याआधी ते पान उघडायची आणि तिथे तेच वाक्य असायचं: आपला अर्ज रांगेत आहे. भट्टीवर काम करणारे म्हातारे काका एक दिवस मागून डोकावले.

"काय म्हणतोय तुमचा अर्ज?"

"रांगेत आहे."

"रांगेत तर मीही आहे, अक्षरबाई. वरच्या. पण तिथे निदान रोज कुणीतरी पुढे सरकतंय."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

"हाड आहे, दात नाहीत," काका म्हणाले, आणि पाव काढायला गेले.

तिकडे मुलगी पदवीधर होऊन बसली होती. बसलीच होती. पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, आई म्हणाली नको, मध्येच सोडावं लागेल. एका कचेरीत नोकरी चालून आली, आई म्हणाली थांब, आता महिन्या-दोन महिन्यांत होईलच. दर महिन्याला महिना-दोन महिने. मामी फोनवर गोड आवाजात म्हणायची, "वन्सं, आमचं काही नाही हो, पोरगी दोन घास खाते तेवढंच. पण शेजारीपाजारी विचारतात, भाची काय करते? मी सांगते, वाट बघते."

एकोणीस महिन्यांनी, एका शुक्रवारी, जाडजूड पाकीट आलं. आख्खी फाईल परत. वर एक चिठ्ठी: अवलंबित व्यक्तीची सही पारपत्रावरील सहीशी जुळत नाही. अर्ज अपूर्ण समजण्यात येत आहे. दुरुस्त करून पाठवल्यास पुन्हा छाननी न होता थेट नोंद होईल.

तिने पारपत्राची छायाप्रत काढून शेजारी धरली. पारपत्रावरही तो फटकारा तसाच लोंबत होता, रेघ ओलांडून, बोटभर. ती एवढी वर्षं तो दोष समजत आली होती. ती सहीच तशी होती.

मुलीच्या बाविसाव्या वाढदिवसाला तेवीस दिवस राहिले होते. वाढदिवस रविवारी येत होता.

तिने मुलीला फोन लावला. "अगं, सहीचा घोळ झालाय. नवीन पान पाठव. आजच्या आज. नेहमीसारखी कर सही."

"म्हणजे माझी सही चुकली?"

आईची नजर ट्रंकेकडे गेली. एक क्षणच. "घोळ झालाय," ती म्हणाली. "आता बोलत बसू नकोस, कर लवकर."

दुसरा अडसर मालकांच्या पत्राचा होता. पहिलं पत्र वर्षापेक्षा जुनं झालं होतं, नवं हवं होतं. मजकूर तिने त्याच दिवशी छापून मालकांच्या टेबलावर ठेवला.

"करतो की," मालक म्हणाले. "सही काय, एका मिनिटाचं काम."

"मग आत्ताच करा ना."

"वाचून तरी बघू देत, बाई. पळून चाललोय का मी?"

पळून नाही, पण पुढच्या रविवारी ते भावाच्या नव्या घराला गेले, पत्र तसंच टेबलावर ठेवून. त्या एका आठवड्यात तिने चारदा आठवण केली होती. चारही वेळा ते "हो हो" म्हणाले होते. फोनवर म्हणाले, "शुक्रवारी येतो, आल्या आल्या करतो. प्रॉमिस."

बुधवारी मुलीचं पान आलं. सही चौकटीत सुरू होऊन खालची रेघ ओलांडून गेलेली. या वेळी आईने त्यावरून नुसता हात फिरवला आणि ते फाईलीत लावलं. आता फक्त मालकांची सही. शुक्रवार आला, मालक आले नाहीत. घरात नळाचं काम निघालंय, भाऊ सोडत नाही, सोमवारी नक्की.

शनिवारी सकाळी पिठाचा ट्रक आला. पावतीवर मालकांची सही लागते. गेली तीन वर्षं मालक नसले की ती सही अक्षरबाईच करत असे. मालकांनीच सांगून ठेवलं होतं. तिने ट्रकवाल्याच्या पाठीवर पावती ठेवली, एक गोल, एक आडवा फराटा, खाली दोन टिंबं, आणि पावती परत दिली. ट्रकवाला गेला. भट्टीवाले काका दारात उभे राहून बघत होते.

"अक्षरबाई."

"काय?"

"ते पत्र टेबलावर पडलंय ना?"

"पडलंय."

"पेन तुमच्या हातात आहे अजून."

तिने पेन एप्रनच्या खिशात खोचलं.

"मालक नाही म्हणणार नाहीत. उलट म्हणतील बरं झालं, माझा त्रास वाचला. आज टाकलंत तर मंगळवारी पोचतंय."

तिने आत जाऊन पत्रासमोर बसून पाहिलं. पेनचं टोपण काढलं. सही तिच्या बोटांत होती, दहा मिनिटांपूर्वीच केलेली. आणि मग तिला ती चिठ्ठी आठवली. जुळत नाही. पुन्हा कुणी दोन कागद शेजारी धरून बसलं तर? पुन्हा एकोणीस महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं तर? ज्या हाताने घात केला तो हात पुन्हा त्याच कागदाला लावायचा?

"नको," ती बाहेर येऊन म्हणाली. "या वेळी सगळं खरं जाऊ दे."

"खरं," काका म्हणाले, आणि मान हलवत भट्टीकडे वळले. "खरं पोचायला जास्त दिवस लागतात, बाई."

मालक सोमवारी नाही, मंगळवारी आले. सही करायला त्यांना खरंच एक मिनिट लागलं. एक गोल, एक आडवा फराटा, खाली दोन टिंबं. एप्रनसकट ती टपालघराकडे धावली. स्वतः नेऊन देण्याची सोय नव्हती; कार्यालय हातोहात कागद घेत नाही, फक्त टपालाने. पोचपावतीप्रमाणे फाईल शुक्रवारी दुपारी दोन वाजता कार्यालयात पोचली. शनिवार-रविवार सुट्टी. रविवारी मुलीला बावीस पूर्ण झाली. सोमवारी सकाळी कुणीतरी गठ्ठा सोडला आणि फाईलीवर नोंदीचा शिक्का मारला.

तिने कार्यालयाला फोन केला. पंचावन्न मिनिटं संगीत ऐकल्यावर एक तरुण आवाज आला.

"फाईल शुक्रवारी पोचली आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे पावती आहे. शुक्रवारी ती एकवीसची होती."

"हो मॅडम, पोचली शुक्रवारी. पण नोंद सोमवारची आहे. नोंदीचा दिनांक ग्राह्य धरतात."

"पण तुमच्याच टेबलावर पडली होती ना हो दोन दिवस?"

"मी समजू शकतो, मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?"

मुलीला तिने सांगितलं, एका दिवसाने चुकलं. सहीच्या घोळात वेळ गेला. घोळ कुणाचा, ते या वेळीही सांगितलं नाही. सांगू, सांगू, सगळं मार्गी लागलं की सांगू, असं म्हणत राहिली. अर्जात मुलीचं नाव अजून होतं. कुणी दया दाखवली तर, असं एक विनंतीपत्र तिने आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहून पाठवलं होतं. त्याला उत्तर आलं नाही.

आणखी सोळा महिने गेले. मग एका सकाळी परवाना आला. पातळ पाकीट. एकच कार्ड, तिच्या नावाचं. सोबतच्या पत्रात मुलीच्या नावापुढे दोन शब्द होते: अपात्र, वय. मुलीला स्वतंत्र अर्ज करता येईल, सध्याचा कालावधी एक्केचाळीस महिने. आणि एक पोच होती, खाली चौकट असलेली. तीस दिवसांत सही करून परत पाठवायची, नाहीतर परवाना रद्द.

मालकांनी सगळ्यांना बोलावून टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन बाई! आता तुम्ही इथल्याच झालात. आता कुठेही काम करू शकता, म्हणून लगेच सोडून नाही ना जाणार?" सगळे हसले. तीही हसली, सवयीने.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात रिकाम्या क्रेटवर बसून तिने घरी फोन लावला. मामीने उचलला.

"आला? बरं झालं बाई. म्हणजे तुमचा तरी आला. वन्सं, एक बोलू? रागावू नका. पोरीशी जरा बोला. तिचं काही खरं नाही."

"का? काय झालं?"

"अहो, सह्या गिरवत बसायची. तुमचा तो घोळ झाला ना, तेव्हापासून. दोनशे पानी वह्या भरल्यात. आपल्याच सहीच्या. मी म्हटलं अगं वेडी झालीस का, तर म्हणाली, मामी, मला एक सही धड करता आली नाही, आईची पाच वर्षं पाण्यात गेली. गेल्या महिन्यात सगळ्या वह्या रद्दीत घातल्या न् आता काही बोलतच नाही."

अक्षरबाईच्या हातातला डबा मांडीवर कलंडला.

"तिला द्या फोन," ती म्हणाली.

मामीची हाक ऐकू आली. मग मुलीचा आवाज. "बोल. मामीने सांगितलं, आला म्हणे."

"ती सही तुझी नव्हती."

"कुठली?"

"पहिल्या फाईलीतली. तू पाठवलेली चांगली होती. मीच... ती चौकटीबाहेर गेली होती म्हणून मी नवीन पानावर केली. जुळली नाही ती माझी. तुझं काही चुकलं नव्हतं."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?" मुलगी म्हणाली.

"हो."

"मी तुला विचारलं होतं. माझी सही चुकली का म्हणून विचारलं होतं."

"हो गं."

"पहिलं पान," मुलगी म्हणाली, आणि हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं. "वहीचं पहिलं पान. पुढचं कोण बघतंय, नाही?"

"मी सोडून देते हे सगळं. येते मी परत. पोचेवर सही नाही केली तर आपोआप रद्द होतं."

"आणि काय करशील येऊन? शाळेत घेणार आहेत तुला? मामीच्या स्वयंपाकघरात दोघी बसू?" मग ती म्हणाली, "मीही एका कागदावर सही केली परवा."

"कसल्या?"

"नोकरीच्या. इस्पितळात, नाव नोंदवायच्या खिडकीवर. तीन वर्षांचा करार आहे."

"अगं पण तुझा वेगळा अर्ज..."

"एक्केचाळीस महिने. ते पान मीही बघते, आई. रोज बघायचे. आता नाही बघणार." तिचा आवाज सपाट होता, जणू खिडकीपलीकडच्या कुणाला सांगत होती. "आणि ऐक. तिथेही चौकट होती. माझी सही गेली बाहेर. त्यांनी कागद ठेवून घेतला. म्हणाले, सोमवारपासून या."

आईला पुष्कळ काही म्हणायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. शाबास म्हणायचं होतं. पगार किती, जेवायची सोय काय, तेही विचारायचं होतं. पण ओठांतून निघालं ते भलतंच.

"किती बाहेर गेली?"

पलीकडे कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"ठेवते मी, आई," मुलगी म्हणाली.

आतून मालक हाका मारत होते. तीनचा केक, साडेतीनचा केक, साडेतीनवाले येऊन बसलेत. ती उठली. हात धुतले, पुसले. पिशवी भरली, पाट फिरवला आणि कुणाच्या तरी लेकीचं नाव लिहिलं. मग दुसऱ्या कुणाच्या तरी. ओळ सरळ आली.

चौथ्या दिवशी तिने ती पोच काढली. तीस दिवस थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. तिकडे कुणी तिची वाट बघत नव्हतं. भट्टीवाल्या काकांनी टेबलावरचं पीठ बाहीने झाडून जागा करून दिली. तिने सही केली. चौकटीच्या बरोबर मधोमध, कुठल्याच रेघेला न लागता.

काकांनी वाकून पाहिलं. "वा! छापल्यासारखी."

"टपालात टाका जाताना," ती म्हणाली, आणि पुढची ऑर्डर बघायला वळली.